नऊ नोव्हेंबरची ओळ

आदल्या संध्याकाळी ब्रेंडन म्हणाला,
एवढी एक सही राहिलीय बघ, नऊ नोव्हेंबर.
तेच निळं पेन आहे ना?
आणि टोपण काढून माझ्यासमोर ठेवलं.

खिडकीबाहेर हॅलिफॅक्सचा उतार.
कधीकाळी लोकर साठवायची ही इमारत,
आता वरच्या मजल्यावर
पोरांचे दात रांगेत आणतात.
मी खाली, निर्जंतुकीकरणाच्या खोलीत.
घाणीच्या लाल डब्यापासून
स्वच्छ निळ्या डब्यापर्यंत
साडेतीन पावलांचा माझा मुलूख.
उलट चालायचं नाही, हा इथला धर्म.
कोणी घाबरलं की तेवढं
हात धरायला मला वर बोलावतात.

नऊ नोव्हेंबर.
वाफेची पट्टी बघायला मी वाकले
आणि वर कोणीतरी किंचाळलं.
इमोजेन. तारेचं टोक गालात घुसलेलं.
मी हात धरला, डॉक्टर अडेबायोंनी टोक कापलं,
तिची आई जिन्यात बसून रडली,
तिला पाणी दिलं, मग घड्याळात सहा.
पट्टीचा रंग बदलला होता का?
बदललाच असणार.
पण ‘असणार’ हा शब्द
त्या वहीच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.
दुसऱ्या दिवशी साडेसातला येऊन
सगळे चिमटे, आरसे, पक्कडी
पुन्हा एकशे चौतीस अंशांवर घातल्या.
दहाच्या ओळीत तसं लिहिलं.
नऊची ओळ तशीच.

ब्रेंडन वाईट माणूस नाही.
हत्तीची म्हण त्याला ठाऊक नाही,
तरी दाखवायचे दात तो उत्तम घासतो.
मी टोपण लावलं. पेन परत दिलं.

मिसेस हेप्वर्थ नवाच्या ठोक्याला आल्या,
पायपुसण्यावर दोनदा पाय पुसून.
ऑक्सिजनच्या नळकांड्यावरची तारीख वाचली,
अ‍ॅड्रेनलिनची तारीख वाचली,
गरम नळाखाली थर्मामीटर धरून
पाण्याचं म्हणणं ऐकत असल्यासारख्या थांबल्या.
सुयांचा पिवळा डबा
रेषेच्या वर भरलाय का, वाकून पाहिलं.
मग बाहेर एलिसशेजारी बसल्या.
बारा वर्षांचा, तोंडभर तारा.
इथले लोक तुझं ऐकतात का?
तो म्हणाला, खालच्या त्या बाई
दुखणार नाही असं कधीच सांगत नाहीत.
दुखेल म्हणतात,
आणि किती वेळ, तेही.

मग माझी खोली. माझी वही.
त्यांचं बोट पानावरून उतरत गेलं,
शाईचा डाग पडलेलं बोट,
आणि त्या ओळीशी थांबलं.
मला वाटलं, आता दातखीळ बसते.
पण सांगितलं. गाल, जिना, पाणी, सहा वाजले.
‘असणार’ला इंग्रजीत काय म्हणावं सुचेना,
म्हणून म्हटलं, मी पाहिलं नाही.
ब्रेंडन दारात, स्वतःची नखं बघत.

त्यांनी लिहून घेतलं. बराच वेळ लिहिलं.
मान वर करून हसल्या तेव्हा दिसली
पुढच्या दोन दातांतली फट,
आगपेटीची काडी जाईल एवढी,
पन्नास-पंचावन्न वर्षं तशीच ठेवलेली.
त्या हसण्याचा अर्थ मला लागला नाही.
तपासणीच्या दिवशी अर्थ लावूही नयेत.

अहवालाला अजून सहा आठवडे.
सुरक्षित आहे का, काळजी घेतात का,
असे पाच प्रश्न, आणि कुठंतरी
एका सहीबद्दल एक वाक्य.
ब्रेंडन दोन दिवस माझ्याशी
फक्त हवेबद्दल बोलतो आहे.

वरून हाक आली, ट्रे संपलेत.
मी हातमोजे बदलले,
पक्कड भिंगाखाली धरून
सांध्यात काही अडकलंय का पाहिलं.
वाफेची पट्टी खिडकीशी नेली.
काळी झाली होती.
वर कोणीतरी हसत होतं, की रडत,
दाराआडून नीट कळत नव्हतं.
आधी सही केली.
मग जिना चढले.